करण्यात आले

चौतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई जरा सरकली, अंक तिरका बसला
की लाल पेन्सिलीची एक रेघ, आणि नोट बाजूला.
म्हणून निवृत्तीनंतर जेल रोडच्या आमच्या सोसायटीने
इतिवृत्ताची वही माझ्या हाती दिली.
शिरोडेकाका, तुमचं अक्षर चांगलं, आणि नजर त्याहून.

सभा भरते पार्किंगमध्ये,
मंडपवाल्याच्या खुर्च्या, एक माइक, जो फक्त शिट्टी घालतो.
बोलणं एक असतं, वहीतलं दुसरं.
भोकऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली तर मी लिहितो,
"सदस्यांनी आपली मते मांडली."
दोघे चपला शोधत रागाने निघून गेले तर "चर्चेअंती".
पिंपळ कुणी तोडला हे लिफ्टलासुद्धा ठाऊक,
वहीत मात्र "झाड हटवण्यात आले",
जणू झाडच पहाटे उठलं
आणि ओझरच्या बसमध्ये जाऊन बसलं.

आपली भाषा मोठी सोशिक.
तिच्यात हातांशिवाय कुऱ्हाड चालते.
"ण्यात आले" एवढं शेपूट लावलं
की वाक्यातला माणूस मागच्या दाराने निसटतो,
आणि ते दार मीच उघडून धरतो,
सुवाच्य अक्षरात.

एप्रिलच्या सभेत सी विंगच्या कमलबाई देवरे उभ्या राहिल्या.
सटाण्याकडच्या. चौथ्या मजल्यावर मुलाकडे असतात.
पदर खोचून म्हणाल्या,
"आमनं पानी कोन लई जास?"
मागे कुणीतरी हसलं.
सेक्रेटरी कुलथे उठले, आवाजात मलई,
"काकू, आपण बघू ना. आपण सगळे मिळून मार्ग काढू."
"आपुन म्हंजे कोन कोन?"

माझं पेन थांबलं.
वर्गणी गोळा करताना आपण असतो.
हिशेब विचारला की लगेच आम्ही होतो,
"आम्ही करतोय ना काम!"
त्या दोन शब्दांमधल्या फटीतून
सी विंगचं पाणी
ए विंगच्या टाकीत जात होतं.

त्या रात्री वही उघडली.
"पाणी वितरणाबाबत सूचना मांडण्यात आली",
हात तयारच होता.
पण लाल पेन्सिलीची जुनी सवय आडवी आली.
बाईंचे दोन्ही प्रश्न मी जसेच्या तसे उतरवले,
त्यांच्या न-चा ण न करता.

मेच्या सभेत वाचून दाखवलं.
कुलथे म्हणाले, भाषा जरा घसरलीय काका.
अध्यक्ष म्हणाले, "कोण" हा शब्द आरोप वाटतो,
त्याजागी "का" घालता येईल का?
यावर वीस मिनिटं चर्चा.
मी वही छातीशी धरून बसलो, थोडा ताठ,
कमलबाई आता माझ्याकडे बघतील म्हणून.

बघितलं त्यांनी.
"मी इचारं व्हतं, भाऊ. तुमीन लिखी ठेवं."

बास. एवढंच.
नळ कोरडाच होता.

मंगळवारी रात्री अडीच वाजता
मी टॉर्च आणि पाना घेऊन गच्चीवर गेलो.
व्हॉल्व्ह गंजलेला, गुडघे त्याहून.
दूर कुठे तरी मालगाडी घरंगळत होती.
अर्ध्या तासाने सी विंगचे पाइप खोकले,
मग आत काहीतरी वाहू लागलं.

जूनचं इतिवृत्त.
"व्हॉल्व्ह पूर्ववत करण्यात आला."
लिहिलं, आणि स्वतःशीच हसलो.
हसू पुरतं उमटलं नाही.
कुलथ्यांसाठी उघडं धरलेल्या दारातून
आज मीच बाहेर पडत होतो,
चपला हातात घेऊन.

वाचन सुरू झालं. कुणी हरकत घेतली नाही.
दुसऱ्या रांगेत कमलबाई.
केस धुतलेले, अजून ओले.
त्यांनी हात वर केला.
"कोनी करं?"

माइकने शिट्टी घातली.
सगळे माझ्याकडे बघतायत.
वाक्य वहीत आहे, कर्ता बाहेर उभा आहे,
आणि घसा, इतक्या वर्षांनी,
मी
म्हणायला निघाला आहे.